डोक्यावरून कानापर्यंत

फुईनं, माझ्या आत्यानं, जेवता जेवता माझं वय तीन वर्षांनी वाढवलं आणि वर ताकाची वाटी पुढे करून आणखी ताक मागितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती महिनाभरासाठी आमच्याकडे धुळ्याला येऊन राहिली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं ती माझ्या गुडघ्याकडे बघत होती, कारण मी ताटावर बसण्याआधी तेल चोळलं होतं आणि वास घरभर सुटला होता. "तुले पन्नाशी लागाले उनी, उखर्डू. आते तरी त्या सायकलले सोड," ती म्हणाली. मी म्हटलं, फुई, माझी अजून पंचेचाळीसही पुरी झालेली नाहीत, एक जून सत्तेचाळीसचा जन्म आहे माझा. "कोन म्हणस?" "दाखला म्हणतो." फुई हसली. तिला पुढचे दात नाहीत, त्यामुळे ती हसली की माणसाला उगीचच आपण मूर्ख ठरल्यासारखं वाटतं. "इंग्रज गया तधळ शाळाम्हा झेंडा लावा. तू मना लुगडाना पदर धरीसन चालत उन्हा व्हता. साखर वाटी त्यासनी. तू दोनदा मांगी. अडीच महिनानं पोरगं साखर मांगस का रे?" मी घास हातात धरून बसलो. यशोदेनं, माझ्या बायकोनं, पोळी वाढता वाढता माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर तव्याकडे वळवली. फुई पुढे बोलतच होती. मास्तर दर वर्षी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचा. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं, शाळेत घ्यायला हरकत नाही. माझा पोचायचा नाही. "तीन साल पुरना नही. खुरटेल व्हता तू. चवथा साले पुरना, मंग मास्तरनी लिखं, सहा साल, एक जून. माले नही माहीत व्हई तं कोनले? तुले उकिरडावरतीन मीच उचलेल शे."

ते खरं आहे. माझ्या आधीची दोन मुलं गेली म्हणून मी जन्मलो तसा मला उकिरड्यावर ठेवलं, फुईनं उचलून आणलं आणि नाव उखर्डू ठेवलं. नको असलेल्या पोराकडे मृत्यूही बघत नाही असा हिशेब. कचेरीत मी पाटील भाऊ आहे, पगारपत्रकावर यू. के. पाटील आहे, आणि आता असं निघालं की त्या पगारपत्रकावरचा माणूस माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे. सरकारच्या दृष्टीनं चांगलंच झालं, तीन वर्षं जास्त फायली ओढीन. मी हसायचा प्रयत्न केला. पण छातीत कुठेतरी पायरी चुकावी तसं झालं होतं आणि ते थांबेना. कारण दहा दिवसांवर सव्वीस जानेवारी होती.

सव्वीस जानेवारीला धुळे ते तापीचा पूल अशी सायकल शर्यत असते. शर्यत म्हणजे काय, साध्या काळ्या सायकली, मडगार्ड आणि स्टँड काढून टाकलेल्या, आणि आग्रा रोडवरचे ट्रक. पितांबरच्या सायकल दुकानातल्या चार माणसांनी पंच्याहत्तर साली ती सुरू केली. पितांबर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या दुकानात, ट्यूब टांगतात त्या भिंतीवर, एक पत्र्याची पाटी आहे. जो जो साडेनऊच्या आत तापीच्या पुलावर पोचेल त्याचं नाव त्या वर्षाखाली पितांबर स्वतः पांढऱ्या रंगानं लिहितो. सतरा वर्षांत पुष्कळ नावं आली आणि गेली. सतराही वर्षांखाली असलेलं नाव एकच आहे. मी पंक्चर काढायला जातो तेव्हा त्या पाटीकडे बघत नाही असं दाखवतो. खरं म्हणजे मला घर नसतं, नोकरी नसती, तरी चाललं असतं. ती पाटी नसती तर मी कोण आहे हे मला सांगता आलं नसतं. आणि यंदा समितीनं नवा नियम केला होता. गेल्या वर्षी नरडाण्याजवळ एक पन्नाशीचा माणूस चक्कर येऊन पडला, म्हणून पंचेचाळीसच्या वरच्यांनी यापुढे प्रौढ गटात धावायचं. प्रौढ गट वाटेतल्या सोनगीरला रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत. त्यांना नारळ आणि टॉवेल. त्यांची नावं पाटीवर नाहीत. हा नियम पितांबरनंच मांडला होता, आणि मी टाळी वाजवली होती. वर "म्हाताऱ्यांची वरात" म्हणून हसलोही होतो.

त्या दहा दिवसांत मी माझ्या शरीराकडे चोर शोधावा तसा बघत राहिलो. गेली दोन वर्षं मी स्वतःला आळशी समजत होतो, सराव कमी पडतो म्हणून पहाटे लवकर उठत होतो, चहा सोडला होता, एकदा गुपचूप डॉक्टरकडे जाऊन छाती तपासून घेतली होती. त्यानं काही नाही म्हटलं तेव्हा जास्तच धास्तावलो. काही नाही तर मग हे काय आहे? पूर्वी शेवटचा फर्लांग आला की मांड्यांच्या आत कुठेतरी एक दार उघडायचं. मी सांगायचो आणि पाय ऐकायचे. पंच्याहत्तर सालात तसाच पहिला आलो, सत्याहत्तरला पुन्हा. नंतर ते दार उघडेना, पण चढ सोपे झाले. इतर धापा टाकायचे आणि मी बसल्या जागी वर जायचो. मग चढही गेले. उरली एक चाल. ना हळू, ना जोरात. तासन्‌तास तीच. आणि शर्यतीचा थकवा पूर्वी रात्रीत जायचा तो आता दुसऱ्या दिवशी येतो, तिसऱ्या दिवशी मुक्कामाला राहतो. दिवाळीपासून उजवा खांदा धरलाय, सदऱ्याची बाही चढवताना मी तोंड भिंतीकडे करतो. हे सगळं मी चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचा गुन्हा म्हणून मनात धरून ठेवलं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचा तो गुन्हा नव्हता, हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला. कोणाचा ते कळेना. मास्तर मरून वीस वर्षं झाली होती.

यशोदेला मी आदल्या संध्याकाळी विचारलं, कागद खरा की फुई खरी? ती तांदूळ निवडत होती. "ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "पण जिना चढताना तुम्ही कठड्याला हात लावता, ते मी दोन वर्षं बघतेय." मी म्हटलं, सगळेच लावतात. ती म्हणाली, "पितांबर भाऊंना सांगितलं तर काय होईल? सोनगीरपर्यंत जाल. ऊन व्हायच्या आत घरी याल." तिच्या आवाजात एवढी साधी आशा होती की मी बाहेर जाऊन चेनला तेल घालत बसलो.

सकाळी सात वाजता देवपुरातल्या चौकात पितांबर टेबल टाकून बसला होता. मफलर, तोंडातून वाफ, समोर जाड रजिस्टर. नाव, वय, सही. माझ्या नावापुढे त्यानं महिन्यापूर्वीच चव्वेचाळीस लिहून ठेवलं होतं. "सही कर आन हात चोई ले, थंडी शे," तो म्हणाला. पलीकडे प्रौढ गटातली अकरा माणसं मोठमोठ्यानं हसत होती, त्यांच्यात आमच्या कचेरीतले एक निवृत्त हेडक्लार्कही होते, कानटोपी घालून. मी वाकलो. पेन थंड होतं. आता सांगावं, आता. तो हसेल, म्हणेल कागद आण. कागद तर माझ्याच बाजूचा होता. मी खोटं बोलत नव्हतो. मी फक्त सही करत होतो. सही केली आणि त्यानं सांगितलं तसे हात चोळत सायकलकडे गेलो.

सोनगीरपर्यंत मी पोरांच्या मागे दडून राहिलो. वारा समोरून होता, सातपुड्याकडून येणारा, कोरडा, दादर ज्वारीच्या शेतांवरून सरपटत येणारा वारा. वाऱ्यात कोणाच्या मागे बसायचं हे मला कळतं. रुंद खांद्याचा, सरळ चालवणारा, मागे न बघणारा गडी निवडायचा. वना नावाचा शिरपूरकडचा पोरगा होता, चोवीस वर्षांचा, पाठ दरवाजाएवढी. त्याच्या मागच्या चाकापासून एक हात अंतरावर मी राहिलो. सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी डावीकडे आली, रस्त्याच्या मधोमध पिंप, पिंपाला झेंडूची माळ. प्रौढ गट आमच्या आधी सुटला होता आणि नेमका तेव्हाच वळत होता. हेडक्लार्क साहेबांनी वळता वळता मला हात केला. "चला पाटील भाऊ, वळा की!" ते थट्टेनंच म्हणाले. माझे पाय क्षणभर थांबले. अगदी क्षणभर, फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली एवढंच. पण तेवढ्यात वना दोन सायकली पुढे गेला, मध्ये वारा घुसला, आणि ते अंतर मला नंतर भरून काढता आलं नाही. मी मांड्यांना सांगितलं. पूर्वी सांगायचो तसंच, दात खाऊन. त्यांनी ऐकलं नाही. त्या आपल्या होत्या त्याच चालीनं फिरत राहिल्या. पोरांची पाठमोरी रांग लहान होत गेली, आधी नंबर दिसेनासे झाले, मग रंग.

एकटं पडलं की डोकं चालायला लागतं. मला एक आठवण होती, लहानपणापासून, आणि ती माझी नाहीच असं मी समजत आलो होतो. मी पळतोय. शाळेच्या ओट्यापासून घरापर्यंत, नाल्यातून, बोरीच्या काट्यांतून, छाती फुटेपर्यंत. मागे कोणी नाही. घराच्या दारात कोणीतरी उभं आहे आणि मला विचारतंय, "पुरना का?" शाळेत जाणारं पोरगं शाळेच्या वेळी घरी का पळेल? म्हणून मला ती स्वप्नातली वाटायची. आता नरडाण्याच्या अलीकडे, कोरड्या घशानं, मला कळलं की ते स्वप्न नव्हतं. जून महिना, ओट्यावर पोरं रांगेत, मास्तरच्या हाताला तंबाखूचा वास. तो माझं मनगट धरून हात डोक्यावरून ओढायचा आणि बोटं टाळूच्या पलीकडे चार केसांवर थांबायची. "पुढच्या वर्षी ये." बाकीची पोरं आत. दार लागायचं. मी रडू येऊ नये म्हणून पळायचो, आणि दारात फुई असायची. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे परत आलेली फुई. "पुरना का?" "नही पुरना." मग ती गुळाचा खडा द्यायची. एकदा नाही, तीनदा. आणि मधली तीन वर्षं मी काय करत होतो? बकऱ्यांमागे पळत होतो. म्हणजे हे पाय तिथले होते. कागदावर नसलेल्या त्या तीन वर्षांतले. मला एकदम गलबलून आलं, आणि सायकल हलली, आणि एक ट्रक इतक्या जवळून गेला की पुढचं चाक डावीकडे मातीत उतरलं.

नरडाण्याचं फाटक, नव्या कारखान्यांची तारेची कुंपणं, चहाच्या टपरीवर देशभक्तीची गाणी. घड्याळ आठ पंचेचाळीस. तेवढ्यात मागून तो आवाज आला. दर वर्षी शेवटच्या सायकलच्या मागे समितीचा टेम्पो असतो. जो थांबेल त्याला उचलतो, आणि साडेनऊ वाजले की पुलाच्या अलीकडे असेल त्याला थांबवतो. सतरा वर्षं मी तो आवाज ऐकला नव्हता, कारण तो नेहमी दुसऱ्या कोणाच्यातरी मागे असायचा. डिझेलचा खोकला, दुसऱ्या गिअरमधलं रडणं. मी मागे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, टेम्पो थेट माझ्या मागे होता, म्हणजे मध्ये कोणी नव्हतं. मी शेवटचा होतो. टेम्पोचालक झुलाल, माझ्या ओळखीचा, बिचारा हॉर्न वाजवत नव्हता. तो न वाजलेला हॉर्न माझ्या मानेवर बसला होता. पोटरीत पेटके यायला लागले होते. पायाचा अंगठा वर ओढून मी ते घालवायचो, दहा पायडल, पुन्हा. कमरेच्या डाव्या बाजूला खिळा. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. लघवीला लागली होती, तासाभरापासून. तिशीत असं काही होत नसे. शरीर आपल्याबरोबर आहे हेच तेव्हा कळत नसे.

टेम्पो शेजारी आला. आणि हौद्यात, सायकली आडव्या टाकलेल्या त्यांच्यामध्ये, वना बसला होता. दरवाजाएवढी पाठ वाकलेली, तोंड पांढरं. नरडाण्याच्या टपरीआड बसून राहिला असणार, मी पुढे निघून आलो तेव्हा दिसलाही नव्हता. पोरं पहिल्याच तासात सगळं देऊन टाकतात. मीही टाकायचो. "नाना, चढी जा ना," तो म्हणाला. "जागा शे." तो चिडवत नव्हता. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरीच काळजी होती, आणि तीच मला सहन होईना. झुलालनं खिडकीतून डोकं काढलं. "नाना, नऊ वाजीसन दहा मिनिटं व्हई गयात. पूल अजून लांब शे. कसाले जीव काढतस?" मी शेवटचं म्हणून सगळं गोळा केलं आणि उभा राहून पायडल मारलं. चार, पाच, सहा. सहाव्याला उजवा पाय लाकूड झाला आणि मी धपकन सीटवर आलो. दार उघडलं नाही. ते आता कधीच उघडणार नव्हतं, हे मला तिथे, एका कापसाच्या शेताजवळ, स्वच्छ कळलं. आणि मी भ्यालो. मरणाला नाही. त्या टेम्पोच्या फळीला, तिच्यावर पाय ठेवून वर चढायला.

पण एक गोष्ट झाली. मी सांगणं सोडून दिलं. पायांना काही म्हटलंच नाही. आणि ते फिरत राहिले. तीच चाल, ना हळू ना जोरात, टेम्पो मागे असला तरी तीच, वारा आला तरी तीच. मी इतकी वर्षं तिला उरलंसुरलं समजत होतो. मी टेम्पोकडे बघणं सोडलं, घड्याळाकडे बघणं सोडलं, फक्त पुढच्या चाकाच्या रिमवरचा एक गंजाचा ठिपका वर यायचा, खाली जायचा, तो बघत राहिलो. सत्तेचाळीस. मी मनात म्हणून बघितलं. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. पायडलला तो आकडा बरोबर बसत होता. चव्वेचाळीस म्हणून मी या रस्त्यावर दोन वर्षं लाज वाटून घेत होतो. सत्तेचाळीस म्हटल्यावर त्याच पायांचं मला नवल वाटायला लागलं. मग हवा गार झाली, पाण्याचा वास आला, आणि रस्ता पुलाकडे उतरायला लागला.

पितांबर पुलाच्या तोंडाशी टेबल टाकून बसला होता. तो दर वर्षी राजदूत मोटरसायकलवरून पुढे येतो. त्यानं घड्याळ बघितलं, मग मला, मग पुन्हा घड्याळ. "नऊ सत्तावीस!" तो ओरडला आणि धावत येऊन त्यानं माझी सायकल धरली, कारण मला उतरता येत नव्हतं. "अठरा साल, उखर्डू! रंग आजच कालवस मी." त्याचे डोळे भरले होते. त्यानं रजिस्टर माझ्यासमोर धरलं. पोचल्याची सही करायची होती. माझ्या नावापुढे चव्वेचाळीस. पेन हातात घेतलं तर बोटं ते धरेनात, दोन्ही हातांनी धरावं लागलं. मी त्या आकड्यावर काट मारली आणि शेजारी सत्तेचाळीस लिहिलं.

"हाई काय?"

"वय."

"कोनं?"

"मनं."

मी त्याला सांगितलं. झेंडा, साखर, फुई, मास्तर. तो ऐकता ऐकता हळूहळू टेबलाच्या कडेवर बसला. "कागद काय म्हणस?" "एक जून." "मना बी एक जून शे," तो म्हणाला. "आपला बठ्ठा वर्गच एक जूनले जन्मना. त्याले कोन इचारस? तू लिखंच नसतं तं..." तो थांबला. मागे टेम्पो येऊन उभा राहिला होता, झुलाल उतरला होता, समितीची दोन माणसं जवळ आली होती. पितांबरनं त्यांच्याकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "बरं, लाव देखू हात." हात पोचला तर कागद खरा धरायचा, अशी तो मला वाट काढून देत होता. मी हसलो, आणि उजवा हात उचलला. हात कानाच्या पातळीला येऊन खांद्यात अडला. मी डाव्या हातानं कोपर ढकललं, डोळ्यांत पाणी आलं. बोटं टाळूवर आली, टाळूच्या पलीकडे चार केस, आणि थांबली. तिथेच. कोणीही हसलं नाही.

मी हात खाली घेतला. पितांबरनं रजिस्टर जवळ ओढलं. नियम त्याचा होता, टाळी माझी होती. "नाव कापनं पडी," तो म्हणाला. "काप." त्यानं पट्टी लावून, अगदी सरळ रेघ मारली. मग वर न बघता म्हणाला, "पुढला साले ये. सोनगीर लगून."

माझ्या पायांखालचा पूल हलल्यासारखा झाला. पण तो एक ट्रक जात होता. मी बाजूला जाऊन पुलाच्या कडेला लघवी केली, वनानं दिलेलं पाणी प्यायलो, आणि यशोदेनं खिशात टाकलेला गूळ निम्मा खाल्ला. झुलालनं माझी सायकल हौद्यात चढवायला उचलली होती. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि तोंड धुळ्याकडे केलं. "आरे, टेम्पो शे ना!" पितांबर मागून ओरडला. "येडा व्हयना का?" वारा आता पाठीवर होता. पन्नास किलोमीटर म्हणजे दुपार होणार होती. फुई दारात बसलेली असेल, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि मला बघितल्याबरोबर विचारेल. उरलेला गूळ मी तिच्यासाठी खिशात ठेवला आणि पायडलवर पाय ठेवला.